शेजारच्या घरी ईदची भेट: काय द्यावं, काय टाळावं आणि कधी जावं

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे. शेजारी मुस्लिम कुटुंब राहतं: नवरा-बायको, त्यांची दोन मुलं आणि आजी. गेल्या वर्षभरात त्यांनी तुम्हाला अडीअडचणीला खूप साथ दिली. आता रमजान ईद जवळ आली आहे आणि तुम्हाला रिकाम्या हाताने जायचं नाही. तुम्ही शाकाहारी आहात, घरी केक करता. पण केक चालेल का, अत्तर द्यावं की कुराणातल्या आयतीची फ्रेम द्यावी, आणि नकळत त्यांच्या भावना दुखावल्या तर काय, या विचारात तुम्ही अडकला आहात.

भेटवस्तूंच्या पेट्या बांधून देणं हा माझा व्यवसाय आहे. ईदच्या आधी माझ्याकडे शेजारी, सहकारी, मुलांच्या मित्रांचे आईवडील असे बरेच जण येतात आणि बहुतेकांचा प्रश्न हाच असतो. माझं स्वतःचं घर मुस्लिम आहे. त्यामुळे भेट दारातून आत आल्यावर तिचं पुढे काय होतं, तेही मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

आधी तुमच्या भीतीबद्दल बोलू. शेजारणीने प्रेमाने आणलेल्या वस्तूमुळे कुणाच्या भावना दुखावल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. घडतं ते वेगळंच. चॉकलेटचा सुंदर डबा येतो, सगळे आनंदाने घेतात, आभार मानतात. दार लागल्यावर घरातली मोठी मुलगी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागते. एका घटकाचं नाव ओळखीचं वाटत नाही, म्हणून ती फोनवर शोधते. तिथे लिहिलेलं असतं की हा पदार्थ वनस्पतींपासूनही मिळतो आणि प्राण्यांपासूनही. धाकटा तोपर्यंत हात पुढे करून उभाच असतो. आई म्हणते, ‘राहू दे, आधी विचारू कुणाला तरी.’ मग डबा फ्रिजवर जाऊन बसतो आणि काही दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जातो. तुम्ही जिन्यात भेटून ‘आवडली का चॉकलेटं?’ असं विचारलं की तिला ‘हो’ म्हणावं लागतं आणि ते तिच्या जिवावर येतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की खाण्यापिण्याच्या बाबतीतली शंका देणाऱ्याने आपल्या घरीच मिटवून यावी. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, धर्मावरून फक्त काय टाळायचं ते कळतं. काय द्यायचं ते समोरच्या माणसांवरूनच ठरवावं लागतं. बहुतेक जण हे उलटं करतात. शेजारी मुस्लिम आहेत म्हणून हिरवा कागद, चंद्रकोर, आयत, जानमाज (नमाजासाठी अंथरायची चटई) असं सगळं गोळा करतात, आणि त्या घरातल्या आजींना पाय दुखत असल्यामुळे खुर्चीत बसून नमाज पढावी लागते, हे वर्षभर समोर दिसत असूनही त्यांच्या लक्षात येत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. घराघरात फरक असतो. एका घरात प्रत्येक पाकिटावर हलालचा शिक्का बघतात, दुसऱ्या घरात मांस आणि दारू सोडली तर फारशी चौकशी करत नाहीत. विद्वानांतही काही पदार्थांबद्दल मतभेद आहेत. शेजारी कोणत्या मताचे आहेत हे तुम्ही शोधून काढायची गरज नाही. सगळ्यात काटेकोर घरालाही निर्धास्तपणे घेता येईल अशी वस्तू निवडा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

खाण्याच्या बाबतीत तुम्ही शाकाहारी असल्याचा मोठा फायदा आहे. डुकराचं मांस आणि चरबी, हलाल पद्धतीने कापलेल्या नसलेल्या प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन, चीजमध्ये वापरलं जाणारं प्राण्यांच्या जठरातलं रेनेट, किड्यांपासून काढलेला कार्माइन हा लाल रंग (लेबलवर तो ई १२० या क्रमांकाने असतो), वनस्पती किंवा प्राणी यांपैकी कशाच्याही चरबीपासून होऊ शकणारा ई ४७१ हा घटक, या सगळ्यांचा निकाल ‘शाकाहारी’ एवढ्या एका शब्दाने लागतो. जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलो यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि मुलांसाठी लोक नेमकं तेच उचलतात, म्हणून तिथे विशेष लक्ष द्या.

‘शाकाहारी’ या शब्दाने एकच गोष्ट सुटत नाही, ती म्हणजे मद्य. दारू भरलेली चॉकलेटं आणि रम घातलेला केक सगळ्यांना ओळखता येतात. चुकतो तो व्हॅनिला. व्हॅनिलाच्या शेंगांचा स्वाद अल्कोहोलमध्ये उतरवून अर्क करतात. अमेरिकेत तर ‘अर्क’ म्हणून विकायचा असेल तर त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावंच लागतं. केक भाजताना त्यातलं बरंचसं उडून जातं आणि एवढ्याशा अंशाला काही विद्वान हरकतही घेत नाहीत. पण काही घरं घेतात. तुम्ही व्हॅनिलाची पूड किंवा अल्कोहोल नसलेला स्वाद वापरा, किंवा सरळ वेलची-केशराचा केक करा. मग डब्यावर एक छोटी चिठ्ठी चिकटवा: मैदा, साखर, लोणी, दूध, वेलची, केशर, बदाम, शाकाहारी, अल्कोहोल नाही. या चिठ्ठीवर मी फार भर देते. ती वाचली की कुणालाही तुम्हाला अवघड प्रश्न विचारावा लागत नाही आणि केक त्याच दिवशी कापला जातो. त्या घरात कुणाला सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर तेही तिथल्या तिथे कळतं.

देवापुढे नैवेद्य म्हणून ठेवलेला पदार्थ मात्र भेटीत देऊ नका. अल्लाहशिवाय इतर कुणाला अर्पण केलेलं खाणं कुराणाने मना केलेलं आहे, त्यामुळे पुष्कळ घरांत ते खाल्लं जात नाही. त्यांच्यासाठी वेगळा केलेला पदार्थ ते आनंदाने खातील.

खजूर हे ईदच्या भेटीत सगळ्यात आधी सुचणारं नाव. रोजा खजुराने सोडण्याची रीत प्रेषितांपासून चालत आली आहे, आणि रमजान ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी ते विषम संख्येत खजूर खात असत, असं हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती आणि कृतींच्या नोंदींत, आहे. पण महिनाभर रोज संध्याकाळी खजूर झाल्यावर ईदच्या दिवशी घरात खजुरांचे अर्धवट डबे पडलेलेच असतात. खजूर द्यायचे असतील तर रमजान सुरू होताना द्या, तेव्हा ते रोज जेवणाच्या दस्तरखानावर येतात आणि रोज तुमची आठवण निघते. तुमच्या बाबतीत ती वेळ टळून गेली आहे, तेव्हा ईदला दुसरं काही बघा. पुढच्या वर्षी देताना मेजूल घेतलेत तर ते मऊ आणि ओलसर असतात, उष्णतेपासून सांभाळावे लागतात. मदिनेकडचे अजवा काळपट असतात आणि त्यांचा मान मोठा, आजींना तेच जास्त भावतील. दोन्हींचं पाकीट कधी भरलंय ते बघून घ्या, आणि साखरेच्या पाकात घोळवलेले घेऊ नका.

अत्तराचा विचार चांगला आहे. ईदच्या दिवशी अंघोळ करून, असतील त्यांतले चांगले कपडे घालून, अत्तर लावून पुरुष नमाजला जातात. फवारणीच्या सेंटमध्ये अल्कोहोल असतं आणि ते अंगाला लावण्याबद्दल मतभेद आहेत. तेलात उतरवलेल्या अत्तरात तो प्रश्न येत नाही. पारंपरिक पद्धतीत फुलांची वाफ चंदनाच्या तेलात जिरवतात. आता बऱ्याच ठिकाणी दुसरी तेलं वापरतात, म्हणून विकत घेताना बाटलीत काय आहे ते विचारा. वास मात्र फार खासगी गोष्ट आहे. गुलाब, मोगरा, खस असे ओळखीचे, सौम्य वास आणि अगदी छोटी बाटली घ्या. बाईमाणसाला अत्तर दिलंत तर लक्षात असू द्या की बऱ्याच जणी बाहेर जाताना सुगंध लावत नाहीत, त्यांना घरात दरवळणारं काही जास्त उपयोगी पडतं. पण धूप, ऊद जाळण्याच्या वस्तू देण्याआधी घरात कुणाला दमा नाही ना, ते बघा.

आता फ्रेमबद्दल. कुराणातली आयत लिहिलेली वस्तू देणं गैर नाही, पण मी तुम्हाला ती सुचवणार नाही. अशी वस्तू घरात आली की तिच्याबरोबर जबाबदारी येते. ती खाली ठेवता येत नाही, तिच्याकडे पाय करता येत नाहीत, तुटली तर कचऱ्यात टाकता येत नाही. भिंतीवर जागा नसेल किंवा लिपीची शैली आवडली नसेल तरी ती काढून ठेवणं त्यांना जड जातं. आयत लिहिलेला चहाचा मग तर कुठे विसळावा हाच प्रश्न होतो. वेष्टनाचा कागदही याच कारणासाठी तपासा. एकदा एक बाई सोनेरी नक्षीचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. ती नक्षी म्हणजे ‘बिस्मिल्लाह’ची ओळ होती, पुन्हा पुन्हा छापलेली. भेट उघडायची तर तोच कागद फाडावा लागणार. आम्ही तो बाजूला ठेवला आणि साध्या निळ्या कापडात पेटी बांधली. अरबी अक्षरं वाचता येत नसतील तर ती असलेला कागद घेऊच नका. कुराणाची प्रत, जानमाज, तसबीह म्हणजे जपमाळ या वस्तू त्या घरात आहेतच, आणि ज्याच्या त्याच्या आवडीच्या आहेत.

इतर टाळायच्या गोष्टी पटकन सांगते. माणसांचे किंवा प्राण्यांचे शोभेचे पुतळे नकोत, अनेक घरं ते ठेवत नाहीत. मद्याचे पेले रिकामे असले तरी नकोत. लॉटरीचं तिकीट नको, कारण जुगार निषिद्ध आहे. पुरुषाला सोन्याची किंवा अस्सल रेशमाची वस्तू नको. बायकांना दोन्ही चालतात. चामड्याच्या पाकिटाचं अस्तर आणि ब्रशचे केस डुकराचे असू शकतात, विचारून घ्या. आणि ईदच्या तोंडावर धान्याची किंवा शिध्याची पिशवी देऊ नका. ईदच्या नमाजआधी गरिबांना फित्रा म्हणून धान्य किंवा त्याची किंमत दिली जाते, त्या दिवसांत तशीच पिशवी शेजाऱ्यांकडून आली तर ती दानासारखी दिसते. तुमच्या मनात तसं काही नसतं, तरी घेणाऱ्याला ओशाळल्यासारखं होतं.

टाळायचं एवढं बाजूला केल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते तुमचं तुम्हालाच करायचं आहे, कारण वर्षभर त्या कुटुंबाला तुम्ही पाहिलंय. माझ्याकडे येणाऱ्यांना मी विचारते: शेवटचं तुमचं बोलणं कशावरून झालं? शेजारीण म्हणाली होती का की बाल्कनीत झाडं जगत नाहीत? तिचा नवरा रोज सकाळी चालायला जातो का? मुलगा भिंतीवर चित्रं काढतो म्हणून ओरडा खातो का? उत्तर बहुतेक वेळा अशा एखाद्या वाक्यातच असतं. माझ्याकडच्या एका आजोबांनी शेजारच्या मुलीसाठी नकाशांचं पुस्तक बांधून घेतलं होतं, कारण ती जिन्यात भेटली की त्यांना राजधान्या विचारायची. त्यात ईदचं असं काहीही नव्हतं, वर फक्त तिचं नाव आणि ‘ईद मुबारक’ लिहिलं होतं.

आजींचा विचार सगळ्यात आधी करा. घरातल्या मोठ्या माणसाला मान दिला की तो अख्ख्या घराला मिळतो. त्यांना मऊ लोकरीची शाल, पाठीला आधार देणारी उशी, उजेड चांगला पडेल असा वाचनाचा दिवा यांपैकी काही द्या. मधुमेह असेल तर गोडाऐवजी चांगले बदाम-अक्रोड किंवा ताजी फळं द्या. मुलांना देताना दोघांना सारखं द्या. वस्तू वेगवेगळ्या असल्या तरी एकीचं वजन दुसरीपेक्षा जास्त वाटू देऊ नका. मोठ्यांनी लहानांना ईदी, म्हणजे ईदचे पैसे, देण्याची रीत पुष्कळ मुस्लिम समाजांत आहे. तुमचा तेवढा घरोबा असेल तर तुम्हीही देऊ शकता: बंद पाकिटात, दोघांना सारखी रक्कम, कोऱ्या नोटा, आणि तीही छोटीच.

रकमेवरून आठवलं, महाग काही घेऊ नका. प्रेषित भेट स्वीकारत आणि तिच्या बदल्यात काही देत, अशी हदीस आहे. त्यामुळे परतफेड करणं हे आमच्याकडे मनापासून पाळलं जातं. तुमची भेट भारी असेल तर ती फेडण्याचा भार त्यांच्यावर येतो, आणि शेजारात कुणी कुणाचं मिंधं असू नये. शेजारणीने दिलेली वस्तू शेळीचं खूर का असेना, ती क्षुल्लक समजू नका, असंही एका हदीसमध्ये सांगितलंय. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशांनी एकदा त्यांना विचारलं होतं की मला दोन शेजारी आहेत, भेट कुणाला पाठवू? ज्याचं दार तुला जास्त जवळ आहे त्याला, असं त्यांना उत्तर मिळालं. तुमच्यामध्ये तर एका भिंतीचंच अंतर आहे. तेव्हा ‘माझी भेट लहान दिसेल का’ ही काळजी सोडून द्या.

वेळेचं गणित मात्र नीट समजून घ्या. चांद्र महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. रमजान ईद रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याच्या पहिल्या तारखेला येते आणि बऱ्याच ठिकाणी ती उद्या आहे की परवा, हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावरच नक्की होतं. म्हणून केक कॅलेंडरवरची तारीख बघून आधीच करून ठेवू नका. टिकणारी वस्तू तयार ठेवा आणि केक ईद जाहीर झाल्यावर करा. चंद्र दिसतो ती संध्याकाळ घरात फार धावपळीची असते, तेव्हा दार वाजवू नका. ईदच्या सकाळी नमाज, मग गळाभेटी, मग नातेवाईक. दुपार उलटल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी जा, जाण्याआधी एक निरोप पाठवा. भेटीगाठी पुढेही काही दिवस चालतात, त्यामुळे उशीर झाला असं कुणाला वाटणार नाही. रमजान संपण्याआधीच काही द्यायचं असेल तर दिवसा ‘जरा चाखून बघा’ असा आग्रह करू नका, आणि सूर्यास्ताच्या सुमारास, इफ्तारच्या गडबडीत, बोलावल्याशिवाय जाऊ नका.

बकरी ईदचं वेगळं आहे. ती जिल्हिज महिन्याच्या १० तारखेला असते आणि चंद्र महिन्याच्या सुरुवातीला दिसलेला असतो, म्हणून तारीख बरेच दिवस आधी पक्की कळते. त्या दिवशी घरात कुर्बानीचं मांस असतं आणि ते नातेवाईक, शेजारी, गरीब यांना वाटायचं असतं. तुम्ही शाकाहारी आहात हे त्यांना माहीत नसेल तर आधीच एकदा सहज सांगून ठेवा. ऐनवेळी दारात नको म्हणण्यापेक्षा ते दोघांनाही सोपं जातं. या ईदला ताजी फळं किंवा घट्ट झाकणाचे चांगले डबे दिलेत तर ते त्याच दिवशी कामाला येतील.

दोन गोष्टी अजून, कारण त्यांत सद्भावनेने गल्लत होते. मोहरम हा हिजरी, म्हणजे इस्लामी, वर्षाचा पहिला महिना आहे म्हणून लोक नववर्षाच्या शुभेच्छा देतात, पण शिया कुटुंबांसाठी ते दिवस इमाम हुसैन यांच्या शोकाचे असतात. आणि मिलाद, म्हणजे प्रेषितांचा जन्मदिवस, सगळीच घरं साजरा करत नाहीत. दोन्ही वेळी शेजारी काय करतात ते बघून मगच बोला.

त्या घरात या वर्षी कुणी गेलं असेल तर मिठाई आणि रंगीत कागद बाजूला ठेवा. फळं न्या, थोडा वेळ बसा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. विधवा बाईची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचा काळ, सहसा चार महिने दहा दिवसांची असते; त्या काळात ती अत्तर लावत नाही, साजशृंगार करत नाही. तिला तेव्हा अत्तर किंवा दागिना देऊ नका.

आता तुमच्या शेजाऱ्यांसाठी मी पेटी कशी बांधली असती ते सांगते. आजींसाठी शाल, अगदी हलक्या रंगाची. मुलांसाठी त्यांच्या आवडीच्या दोन वस्तू; आवड माहीत नसेल तर त्यांच्या आईला सरळ विचारा, ‘मुलांसाठी काही आणायचं आहे, सध्या कशाचं वेड आहे?’ असं विचारलेलं तिला आवडेलच. नवरा-बायकोसाठी वेगळं काही नको, तुमचा वेलची-केशराचा केक आणि ती चिठ्ठी पुरे. वर एक कार्ड, तुमच्या हातचं, पाचही जणांची नावं घालून, आजींचं नाव सगळ्यात आधी. त्यात ‘ईद मुबारक’ लिहा आणि खाली त्यांनी तुमच्यासाठी केलेल्या एखाद्या गोष्टीचा नेमका उल्लेख करा. नावं कशी लिहायची याची खात्री नसेल तर मुलांना आधी विचारून घ्या. घरी गेलात की ते तुम्हाला बसवतील, काहीतरी खायला पुढे करतील. तेव्हा घाईत निघू नका, अर्धा तास मोकळा ठेवूनच जा. आणि तुम्ही काय खात नाही ते त्यांनी विचारलं तर संकोच न करता सांगा.